न जेवणाऱ्या मुलीला पुण्याला का जावं लागावं?

खाण्याच्या मानसिक आजारांवर खानदेशात उपचार मिळायला हवेत, असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ज्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याची बाळं कुपोषणाने दगावतात, तिथे ताट वाढलेलं असूनही न जेवणाऱ्यांसाठी तज्ज्ञ कुठून आणायचे आणि कशासाठी? हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांतली बरीच जण अंगणवाडी, रेशन, पोषण आहार यांसाठी आयुष्यभर झटलेली असतात. म्हणून त्यांना टाळून मला पुढे जायचं नाही. त्यांच्याच कामाच्या आधाराने मला माझं म्हणणं मांडायचं आहे.

आधी आजाराच्या गांभीर्याबद्दल. ॲनोरेक्सिया या आजारात माणूस खाणं कमी करत करत जवळजवळ थांबवतो. २०११ साली ३६ संशोधनांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात या आजाराच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळपास सहापट निघालं, आणि मेलेल्या पाचांपैकी एकाने आत्महत्या केलेली होती. मानसिक आजारांमध्ये इतके जीव घेणारे आजार फार थोडे आहेत. उरलेले मृत्यू बहुतेक शरीराच्या उपासमारीने होतात. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातले क्षार बिघडतात आणि एखाद्या दिवशी मुलगी न्हाणीघरात कोसळते. बुलिमियात वजन कधीकधी अगदी ठीक दिसतं, पण भरमसाट खाऊन ओकण्याने पोटॅशियम घसरतं, आणि तेही हृदयावरच बेततं. बिंज ईटिंगमध्ये ओकणं नसतं. आवरता न येणारं खाणं असतं, आणि त्यानंतर स्वतःची घृणा. हे सगळे आजार बरे होतात. उपचार लवकर मिळाले तर बरीच मुलं पूर्ण सावरतात, लग्नकार्यात पंगतीला बसून जेवतात. अट एवढीच की उपचार मिळायला हवेत.

आता कुपोषणाचा मुद्दा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर जीव जाऊ शकतो. अन्न पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देतं. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणूनच पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळ आलं की त्याला आधी एफ-७५ नावाचं सौम्य दूध थोडं थोडं देतात, आणि बाळ सावरल्यावरच एफ-१०० कडे वळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या परिचारिकांना हे पाठ असतं. बाळाचा दंड मोजणं, रोज वजन घेणं, आई घाबरली तर तिला धीर देऊन पुन्हा वाटी-चमचा हातात देणं, हे त्यांचं रोजचं काम आहे. ॲनोरेक्सियाच्या सतरा वर्षांच्या मुलीला भरती केल्यावर पहिल्या आठवड्यात हेच कसब लागतं. मात्रा वेगळी, तत्त्व तेच. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत जे ज्ञान पैसे मोजून घ्यावं लागतं, त्याचा अर्धा भाग आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत आधीच आहे. ते बालकांच्या विभागाबाहेर आलेलं नाही, एवढंच. दोन भुकांना एकमेकींच्या विरोधात उभं करणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावं.

आणि हा श्रीमंतांचा आजार आहे हे तरी कशावरून? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. ज्या प्रदेशात कुणी मोजलेलंच नाही, तिथे रुग्ण नाहीत असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वर्गात शेतमजुरांच्या मुली आहेत, एसटीच्या कंडक्टरच्या आहेत, सोन्याच्या दुकानदारांच्याही आहेत. डबा न उघडता परत नेणाऱ्या मुली मला या सगळ्या घरांतून आलेल्या दिसल्या आहेत.

खानदेशात हा आजार ओळखू येत नाही, याचं एक कारण असं की तो इथे पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही. पारोळा तालुक्यातल्या एका कुटुंबासोबत मी काही महिने दवाखान्यांत फिरले. वडिलांचं कृषी केंद्र, मुलगी बारावी सायन्सला. तिला अकरावीत कावीळ झाली होती. कावीळ म्हटलं की आपल्याकडे पथ्य आलंच. तेल बंद, तूप बंद, तळण बंद, उसाचा रस आणि पातळ ताक. कावीळ महिन्याभरात उतरली, पथ्य मात्र उतरलं नाही. आधी फोडणी नको झाली, मग भाकरीला लावलेलं तेल नको झालं, मग भाकरीच नको झाली. श्रावण आला तेव्हा तिने सोमवार धरले, पुढे चतुर्थी आणि एकादशीही. घरात कौतुक झालं. उपवासाच्या दिवशी कुणी जेवणाचा आग्रह करत नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं, असं ती नंतर स्वतःच बोलली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली आणि तिने पोरीचं मनगट हातात धरलं, तेव्हा कुठे घराला भान आलं.

त्यानंतर जी फाइल तयार झाली ती मी पाहिली आहे. मेडिकलच्या पिशवीत ठेवलेली जाड प्लास्टिकची फाइल. थायरॉइड नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. क्षयाची तपासणी झाली, नॉर्मल. दुर्बिणीतून पोट पाहिलं, किंचित सूज. पाळी बंद झाली होती म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, त्यांनी पाळीच्या गोळ्या दिल्या. मध्ये एका जाणत्याकडे दृष्ट काढून झाली. प्रत्येक चिठ्ठीवर भूक वाढवणारं एक टॉनिक होतं. वजन मात्र सगळ्या कागदांत मिळून दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं. कुणी पहिल्याच भेटीत मागचं वजन विचारून आताच्या वजनाशेजारी लिहिलं असतं, तर बाकीचे निम्मे कागद लागलेच नसते.

शेवटी एका ठिकाणी तिला विचारलं गेलं, "जाड व्हायची भीती वाटते का?" ती म्हणाली, नाही. आरशात स्वतःला जाड दिसतेस का? नाही. तिचं म्हणणं एकच होतं, जे ती आजीला अहिराणीत सांगायची, "पोटमा जातच नही." पोट फुगतं, छाती भरून येते, घास खाली उतरत नाही. मग डॉक्टरांनी हा 'तो' आजार नाही असं ठरवलं आणि तिला पुन्हा पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

दिल्लीतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ सालीच पाच तरुणींची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्या जेवत नव्हत्या, ओकत होत्या, वाळत चालल्या होत्या, त्यांची पाळी बंद झाली होती, पण बारीक दिसण्याचा ध्यास त्यांच्यात सापडत नव्हता. त्याच सुमाराला हाँगकाँगच्या सिंग ली यांनी तिथल्या रुग्णांबद्दल हेच मांडलं. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक नाही, एवढंच त्या मुली सांगत. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांची नवी यादी काढली, तेव्हा पाळी बंद असण्याची अट काढून टाकली. चव, वास, पोत सहन न होणं किंवा घास अडकेल अशी धास्ती, यांमुळे खाणं तुटलेल्यांसाठी एक वेगळं निदानही आलं. म्हणजे शास्त्र कधीच पुढे गेलं. आपल्याकडे मात्र अजूनही मुलीच्या तोंडून "मला जाड व्हायचं नाही" हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणी आजार मानत नाही. थेरपिस्ट शोधण्याचं काम इथेच, दारातच अडतं.

मुलांचं तर आणखी अवघड. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी आपली पोरं, तालमीत वजनगटात बसण्यासाठी दोन दोन दिवस पाणी तोडणारे पहिलवान, जिममध्ये फक्त उकडलेल्या अंड्यांवर जगणारे तरुण, यांच्यातल्या कुणाचं खाणं आजाराच्या हद्दीत गेलं आहे हे कोण पाहतं? घरी तर त्याला शिस्त म्हणतात.

हट्ट, नखरे, अभ्यासाचं टेन्शन, प्रेमप्रकरण, असे अर्थ नातेवाईक लावतात. त्यांना मी १९४४-४५ चा एक प्रयोग सांगते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमार झालेल्या माणसांना कसं सावरायचं हे त्यांना शिकायचं होतं. ते तरुण स्वेच्छेने आले होते, मनाने खंबीर होते, त्यांतल्या कुणालाही असला आजार नव्हता. काही आठवड्यांत ते चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले, घासाचे बारीक तुकडे करून तासन् तास चिवडू लागले, पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. अन्नाशिवाय दुसरा विचार त्यांच्या डोक्यात राहिला नाही. उपासमार माणसाचं मन असं बदलते. आपल्या घरातली मुलगी स्वतः खात नाही, पण सगळ्यांसाठी शेवभाजी करते, यूट्यूबवर दिवसभर रेसिपी पाहते, ताटातली भाकरी कुस्करत बसते. तिच्या स्वभावात खोट नसते. भुकेलेला मेंदू असाच वागतो. म्हणून कितीही हुशार समुपदेशक असला, तरी पोटात अन्न जायला लागल्याशिवाय नुसत्या बोलण्याचा उपयोग होत नाही. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळीही अजून नाही. जेवण हेच पहिलं औषध, आणि ते कसं द्यायचं हे जाणणारा माणूस म्हणजे या आजाराचा थेरपिस्ट.

असा माणूस कुठे भेटतो? जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात फिरलं तर समुपदेशनाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यांतले काही लोक मनापासून चांगलं काम करतात. पण समुपदेशक अशी पाटी लावताना आज कुणी परवाना विचारत नाही. दोन दिवसांचं शिबिर केलेलाही ती लावू शकतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. हा फरक पारोळ्याच्या कृषी केंद्रवाल्या बापाने कुठून ओळखायचा? खताच्या पोत्यावर काय काय छापलेलं असलं पाहिजे हे त्याला पक्कं माहीत असतं, कारण तिथे कायदा त्याला ते दाखवायला लावतो. मुलीच्या उपचाराच्या बाबतीत त्याच्या हातात काहीच दिलेलं नाही.

खरं तर दिलेलं असायला हवं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने राज्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करावी आणि ती यादी प्रसिद्ध करावी, असं त्या कायद्यात स्पष्ट आहे. माझी मागणी एवढीच आहे की ही यादी जिल्हावार असावी, मराठीत असावी आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत भिंतीवर लागावी. कोण लहान मुलांचं काम करतं, कोण व्यसनाचं, कोण खाण्याच्या आजारांचं, हेही त्यात यावं. शेवटच्या रकान्यात तिन्ही जिल्हे मिळून एकही नाव आलं नाही, तर तो रिकामा रकानाही छापावा. रिकामी जागा डोळ्यांसमोर असली की ती भरण्याचा रेटा तयार होतो.

पुण्याला जा, मुंबईला जा, हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो. जीव धोक्यात असेल तर जावंच लागतं. पण या उपचाराचं गणित पाहा. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे ॲनोरेक्सियाच्या किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबासह करायच्या उपचारात वर्षभरात १८ ते २० बैठका लागतात, आणि सुरुवातीला त्या जवळजवळ असाव्या लागतात. दर आठवड्याला रात्रीच्या गाडीने आईवडील आणि मुलगी पुण्याला जाणार, सकाळी तासभर बोलून पुन्हा रात्रीच्या गाडीने येणार. कापूस वेचणीला आला असताना? बारावीचं वर्ष असताना? ही घरं दोन-तीन वेळा जातात, नंतर जाणं लांबतं, नंतर बंद होतं. मग आम्ही म्हणतो, पालकांनीच पाठपुरावा केला नाही.

आणि ज्या उपचाराला सगळ्यात चांगला पुरावा आहे, तो मुळात घरातच करायचा आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत. तिचं सार असं की काही काळ मुलीच्या जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घ्यायची. काय, किती, केव्हा, हे ते ठरवतील. ते रागावणार नाहीत आणि हटणारही नाहीत. आजार कुणामुळे झाला याची चौकशी करायची नाही, आईला तर मुळीच दोषी धरायचं नाही. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू मुलीकडे परत द्यायची, आणि शेवटी तिच्या वयाच्या बाकीच्या गोष्टींकडे, शिक्षण, मैत्री, मोठं होणं, यांकडे वळायचं. थेरपिस्ट आईवडिलांच्या पाठीशी उभा असतो. चमचा मात्र त्यांच्या हातात.

मला ही पद्धत आपल्या घरांना जुळणारी वाटते. एकत्र बसून जेवण्याची, पाहुण्याला पोटभर खाऊ घातल्याशिवाय न सोडण्याची रीत इथे आहेच. पण अडचणीही आपल्याच आहेत, आणि त्या मी जवळून पाहिल्या. पारोळ्याच्या घरात वरण-बट्टीचा बेत होता. आई मुलीशेजारी बसली होती. आधी ठरल्याप्रमाणे दोन बट्ट्या, त्यावर तूप, वाटीभर वरण. मुलगी बट्टीचं तूप बोटाने ताटाच्या कडेला निपटत होती. आईने आवाज न चढवता ते तूप पुन्हा वरणात ओढलं आणि म्हणाली, "मी बसले आहे, तू खा." बरोबर तेच करायचं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, जात नसेल तर कशाला जबरदस्ती." आजोबा म्हणाले, आमच्या वेळी असले लाड नव्हते. आजीच्या डोळ्यांत पाणी, "माय, दोन घास खाई ले." चार माणसं, चार सूर. मुलीने ताट सरकवलं. त्या दिवशी आईला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की पहिले काही आठवडे जेवताना घरातली बाकीची माणसं दुसऱ्या खोलीत बसली तरी चालेल, काकूंशी आधी बोलून ठेवा, जेवणानंतर तासभर मुलीला एकटं सोडू नका, पत्ते खेळा, शेंगा सोला, काहीही करा. हे सांगणारा माणूस अहिराणी समजणारा असेल, एकत्र कुटुंबात काकूचा शब्द किती चालतो हे जाणणारा असेल, तर तो दहा मिनिटांत काम करतो. दूरच्या शहरातल्या मोठ्या नावाच्या तज्ज्ञाला हे घर समजायलाच दोन बैठका जातात.

ऑनलाइनने हे सगळं सुटेल असं मानणारा एक वर्ग आहे. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची अधिकृत नियमावली आली आणि त्यामुळे वाट मोकळी झाली हे खरं. त्या वाटेचा मी पुरेपूर उपयोग करायला सांगते. पण कॅमेऱ्यातून वजन कळत नाही. मुली सैल कपडे घालतात, गळ्यापर्यंत ओढणी घेतात, आणि सगळं ठीक आहे म्हणतात. रक्तातलं पोटॅशियम पडद्यावर दिसत नाही. ईसीजी काढायला कुणीतरी जवळच लागतं. शिवाय दोन खोल्यांच्या घरात, शेजारी टीव्ही चालू असताना, आईच्या फोनवर मुलीने मनातलं काय बोलायचं? म्हणून ऑनलाइन थेरपी तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा गावातला एक डॉक्टर तिच्याशी जोडलेला असतो. तो दर आठवड्याला वजन घेईल, नाडी आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब पाहील, रक्त तपासेल आणि ते सगळं थेरपिस्टला कळवेल. ही जोडणी आज कुटुंबाला स्वतः करावी लागते. आई एका डॉक्टरचा निरोप दुसऱ्याला पोचवते, दोघांचे सल्ले जुळत नाहीत, आणि मध्ये मुलगी आणखी वाळते.

ही जोडणी सरकारी यंत्रणेने करायची आहे. तसं पाहिलं तर माणसं जागोजागी आहेत. धुळ्यात १९८८ पासून, जळगावात २०१८ पासून आणि नंदुरबारात २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणी मेडिसिन, बालरोग आणि मनोविकार हे विषय शिकवले जातात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशा पथकाची तरतूद आहे. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात पोषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय आहेत, आणि आपल्याकडे 'मैत्री' क्लिनिकमध्ये समुपदेशक बसतात. पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञ आहेत. या लोकांनी आठवड्यातून एक दुपार एका खोलीत बसून एकच रुग्ण एकत्र पाहायचं ठरवलं, तर खानदेशातलं पहिलं पथक उभं राहील. नवी इमारत लागत नाही. प्रशिक्षण लागेल, आणि अवघड रुग्णांबद्दल विचारायला बेंगळुरूच्या निमहान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतलं कुणीतरी नियमित लागेल. ते व्हिडिओवर होऊ शकतं. तज्ज्ञाने तज्ज्ञाला विचारायला ऑनलाइन अगदी योग्य आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनाही फार शिकवावं लागणार नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झालेली 'स्कॉफ' नावाची पाच प्रश्नांची चाचणी आहे. पोट फार भरल्याने मुद्दाम ओकतेस का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का, अन्नाने आयुष्य व्यापलंय असं वाटतं का. दोन उत्तरं होकारार्थी आली की पुढची तपासणी. आपल्याकडे त्यात एक सहावा प्रश्न मी जोडेन, आणि तो आईला विचारायचा: आजारपणाचं पथ्य किंवा उपवास ठरल्या दिवसापेक्षा लांबलाय का?

पैशाचा प्रश्न उरतो, आणि इथे कायद्यातली एक त्रुटी बोलून दाखवायला हवी. २०१७ च्या कायद्याप्रमाणे किमान सेवा सरकारी व्यवस्थेत मिळत नसेल तर त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा आहे. पण जिल्ह्यातच कुणी नसेल तर? कायद्याची ही तरतूद जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. मुंबईच्या माणसाला हद्दीत पर्याय सापडतो, नंदुरबारच्या माणसाला हद्द ओलांडावी लागते आणि तिथून पुढचा खर्च त्याचा त्याने करायचा. जिथे सेवा सगळ्यात कमी तिथेच मदत सगळ्यात कमी, हा अन्याय आहे. राज्य सरकारने नियम करून प्रवास आणि बाहेरच्या जिल्ह्यातल्या उपचाराचा खर्च यात घ्यावा. विम्याचंही तसंच. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा हे याच कायद्यात आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि थेरपीच्या बैठका भरती न होता होतात. मुलगी कोसळून आयसीयूत गेली तर विमा मिळतो, कोसळू नये म्हणून गेली तर मिळत नाही.

आज, या आठवड्यात कुणी शोधत असेल तर त्याने पथकाची वाट पाहू नये. आधी एमडी मेडिसिन किंवा बालरोगतज्ज्ञ गाठा आणि स्पष्ट सांगा: जेवण तुटलं आहे, वजन उतरलं आहे, नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फेट पाहा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली, पाणीही न जाणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांतलं काहीही असेल तर थेट सिव्हिलला न्या. नंतर मनोविकारतज्ज्ञ. पहिल्या भेटीतच विचारायला संकोच करू नका: असे रुग्ण आधी पाहिले आहेत का? दर भेटीत वजन घेणार का? आम्हा आईवडिलांना उपचारात घेणार, की मुलीशी एकटीशीच बोलणार? आमच्या फिजिशियनशी फोनवर बोलाल का? वजन उतरतच राहिलं तर पुढे काय कराल? चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. पाहिलेले नाहीत पण शिकून, विचारून करेन, असं प्रामाणिकपणे सांगणारा जवळचा डॉक्टर मला दूरच्या नावाजलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. "आत्ता वजनाकडे लक्ष देऊ नका, आधी मन मोकळं होऊ द्या" असं कुणी वाळलेल्या मुलीबद्दल सांगितलं तर दुसरा दरवाजा ठोठवा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. या आजाराचा पूर्ण उपचार फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं हे तिथे विचारता येतं.

आणि सरकारी दवाखान्यात गेल्यावर "हे आमच्याकडे होत नाही" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. सेवेतल्या त्रुटीबद्दल आधी दवाखान्याच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि शेवटी राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला दिलेला आहे. मुलीचं नाव गावभर होईल ही भीती मी समजू शकते. तक्रार वर्तमानपत्रात द्यायची नाही, टपालाने पाठवायची आहे. अर्जात आजाराचं नाव, कोणत्या तारखेला कुठे गेलो, कोणती सेवा नाकारली गेली आणि कुठल्या शहरात जायला सांगितलं, एवढं लिहिलं तरी पुरे. पोच घ्या. मुलीचं नाव वगळून त्याची एक प्रत आपल्या आमदारांना द्या. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला ते असतात, आणि पथकाच्या प्रशिक्षणासाठी लागणारा निधी तिथूनच मागता येतो.